दहा छिद्रांच्या माउथ ऑर्गनवर जॅझ: सुटे स्वर, बेंड आणि ओव्हरब्लो

कोमल_निषाद

माउथ ऑर्गन आणि जॅझ एकत्र आले की टूट्स थीलेमान्सचं नाव निघतंच. ब्रसेल्सचा हा वादक (१९२२–२०१६) थोर होता यात वाद नाही, पण त्याचं वाद्य क्रोमॅटिक. त्याला बाजूला बटण असतं, ते दाबलं की प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने चढतो. मला बोलायचंय ते त्याच्या धाकट्या भावाबद्दल, म्हणजे डायटॉनिकबद्दल. दहा छिद्रं, वीस रीड (हवेने थरथरून स्वर देणाऱ्या धातूच्या पात्या), बटण नाही. ब्लूजवाले खिशात घालून फिरतात तो.

आधी वाद्याची रचना, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. पांढरी एकचा (इंग्रजीत C चा) माउथ ऑर्गन घ्या आणि पांढरी एकला सा माना. १ ते १० फुंकत गेलं तर मिळतात: सा ग प सा ग प सा ग प सा. ओढत गेलं तर: रे प नि रे म ध नि रे म ध. मधल्या सप्तकात, ४ पासून ७ पर्यंत, सातही शुद्ध स्वर आहेत. खालच्या सप्तकात मात्र म आणि ध नाहीत. ही मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन लोकसंगीतासाठी झाली. डावीकडे फुंकून एक कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), ओढून दुसरा, आणि त्यांच्या साथीने वर चाल वाजवायची. होनर कंपनीचा मरीन बँड हा माउथ ऑर्गन १८९६ पासून याच मांडणीत येतो. कोमल स्वरांची गरज तिथे कुणाला नव्हती.

ती गरज पडली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या वादकांना. त्यांनी जिभेची आणि घशाची ठेवण बदलून ओढीचे स्वर खाली वाकवले, तो बेंड. एका छिद्रातल्या दोन स्वरांत जितकं अंतर, तितकं वाकवता येतं. वरचा स्वर खालच्या स्वराच्या अर्धा स्वर अलीकडे येऊन थांबतो. ३ नंबरमध्ये फुंकून प आणि ओढून नि, म्हणून त्या एका ओढीत कोमल नि, शुद्ध ध आणि कोमल ध असे तीन बेंड मिळतात. २ मध्ये तीव्र म आणि शुद्ध म. ४ मध्ये कोमल रे, ६ मध्ये कोमल ध. ८, ९, १० मध्ये उलटा हिशोब, तिथे फुंकेचे स्वर वाकतात.

इतकं करूनही काही जागा रिकाम्या राहतात. खालच्या आणि मधल्या सप्तकातला कोमल ग, मधल्या सप्तकातले तीव्र म आणि कोमल नि, वरच्या सप्तकातले कोमल रे आणि कोमल ध. या जागा भरतो ओव्हरब्लो आणि ओव्हरड्रॉ. १, ४, ५, ६ फुंकताना तोंडाची ठेवण अशी करायची की फुंकेची रीड गप्प बसते आणि ओढीची रीड आपल्या नेहमीच्या स्वरापेक्षा अर्धा स्वर वर बोलते. ४ वर रे ऐवजी कोमल ग, ५ वर म ऐवजी तीव्र म, ६ वर ध ऐवजी कोमल नि. वर ७ आणि ९ ला हेच ओढून. एवढे सहा स्वर आले की तीन सप्तकांत एकही जागा मोकळी राहत नाही.

ब्लूज बर्डहेड या वादकाच्या १९२९ च्या ध्वनिमुद्रिकेत ६ चा ओव्हरब्लो ऐकू येतो, पण ही युक्ती पद्धतशीरपणे सगळ्या वाद्यभर नेली हॉवर्ड लेवीने. ब्रुकलिनचा जन्म, १९५१ चा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत असताना, १९७० च्या सुमारास, त्याला ती सापडली. मुळात तो पियानोवादक, त्यामुळे बारा स्वरांचा नकाशा त्याच्या डोक्यात तयार होता. पुढे १९८८ पासून बॅन्जोवादक बेला फ्लेकच्या फ्लेकटोन्स या बँडमध्ये त्याने हे वाद्य आधुनिक जॅझच्या मधोमध आणून बसवलं.

आता माझा मुद्दा. बरेच शिकणारे ओव्हरब्लोच्या मागे लागतात, बारा स्वर मिळवतात आणि मग सॅक्सोफोनच्या स्केल जशाच्या तशा उतरवायला जातात. मला वाटतं बारा स्वर मिळणं ही फक्त तयारी झाली. या वाद्यात प्रत्येक स्वराचा पोत वेगळा आहे. सुटा स्वर उघडा आणि मोठा, बेंड झाकलेला आणि गडद, ओव्हरब्लो बारीक आणि थोडा बासरीसारखा. कुठला स्वर कसा येतो हे ओळखून फ्रेज, म्हणजे सुरांचं वाक्य, बेतली तर डायटॉनिकवरचा जॅझ दुसऱ्या कुठल्याही वाद्यावर होणार नाही असा होतो.

उदाहरण माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'सो व्हॉट'चं घेते, कारण त्याचा आराखडा अगदी साधा आहे. बत्तीस मात्रागट: सोळा पांढरी दोनच्या डोरियनमध्ये, मग आठ अर्धा स्वर वर काळी दोनमध्ये, मग पुन्हा आठ पांढरी दोनमध्ये. डोरियन म्हणजे आपला काफी थाट. पांढरी एकच्या माउथ ऑर्गनवर रे पासून सुरुवात केली की काफी आपोआप मिळतो: ४ ओढ, ५ फुंक, ५ ओढ, ६ फुंक, ६ ओढ, ७ ओढ, ७ फुंक, ८ ओढ. सगळे सुटे स्वर. यालाच वादक थर्ड पोझिशन म्हणतात.

ब्रिजमध्ये, म्हणजे त्या मधल्या आठ मात्रागटांत, काळी दोन आली की त्याच ४ ते ८ छिद्रांत असं होतं: ४ ओव्हरब्लो, ५ ओढ, ५ ओव्हरब्लो, ६ ओढ बेंड, ६ ओव्हरब्लो, ७ फुंक, ७ ओव्हरड्रॉ, ८ फुंक बेंड. आठांपैकी फक्त दोन सुटे. हे कागदावर पाहून बहुतेक जण ब्रिजसाठी दुसऱ्या पट्टीचा माउथ ऑर्गन उचलतात. माझ्या मते तिथेच सगळी गंमत हातची जाते. सोळा मात्रागट उजेडात वाजलेलं वाद्य ब्रिजला एकदम झाकोळतं आणि परतल्यावर पुन्हा उघडतं, हे पियानोला जमणारं नाही.

इथे वाजवणारे, ऐकणारे, दुरुस्ती करणारे कुणी असतील तर लिहा.

पहिली_फुंक

वाचनखूण साठवली. पोझिशन म्हणजे नक्की काय ते थोडं सांगाल का?

कोमल_निषाद

एकच माउथ ऑर्गन, सा मात्र वेगवेगळ्या ठिकाणी. आपण मूर्च्छना बदलतो तेच. पांढरी एकच्या वाद्यावर सा पासून वाजवलं तर बिलावल, ती फर्स्ट पोझिशन. प पासून वाजवलं तर खमाज, ती सेकंड, ब्लूजवाल्यांची लाडकी. रे पासून काफी, थर्ड. ध पासून आसावरी, फोर्थ. ग पासून भैरवी, फिफ्थ. म पासून कल्याण, तिला ट्वेल्फ्थ म्हणतात. क्रमांक पंचमाच्या साखळीने येतात, म्हणून ते विस्कळीत दिसतात. जॅझमध्ये सेकंड, थर्ड आणि ट्वेल्फ्थ या तीन आधी पक्क्या करा. ट्वेल्फ्थकडे फार कमी लोक वळतात, पण मेजरमधली संथ गाणी तिथे फार सुरेख बसतात.

शिवडीकर

धागा आवडला, पण मूळ मुद्दा पटत नाही, म्हणून लिहितो.

मी जॅझ ऐकत मोठा झालो. १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हापासून ऐकतोय. जॅझमध्ये गाणं कुठल्या पट्टीत येईल ते तुमच्या हातात नसतं. गायिका म्हणते आज काळी तीनमध्ये गाऊ, आणि ट्रम्पेटवाला गुमान काळी तीनमध्ये वाजवतो. तुम्ही म्हणता तसं सुटे स्वर कुठे आणि झाकलेले कुठे ते बघून फ्रेज बेतायची, तर प्रत्येक पट्टीत ते गणित बदलणार. काळी तीनमध्ये त्याच सुरावटीतले उघडे स्वर झाकले जातील आणि भलतेच उघडे पडतील. हे वादकाचं म्हणणं राहत नाही, वाद्याच्या रचनेचं होतं.

दुसरं, ओव्हरब्लोचा आवाज. मन लावून ऐकलाय. संथ लयीत स्वर थोडा वर सरकतो, द्रुत लयीत चिरका होतो. ज्या वाद्यात बारा स्वर बटणावर आहेत ते असताना हा अट्टाहास कशासाठी? बारा छिद्रं, अठ्ठेचाळीस रीड आणि सगळे स्वर सारख्या वजनाचे. थीलेमान्सने ते निवडलं त्याला कारण आहे.

मिशिगनकाठ

शिवडीकरकाका, तुमचा पहिला मुद्दा खरा आहे. ओव्हरब्लोबद्दल मात्र एकदा लेवीला समोर बसून ऐका असं म्हणेन. मी शिकागोत राहतो, त्यामुळे ती संधी मिळाली. तो एका हाताने पियानो वाजवतो आणि दुसऱ्या हातात माउथ ऑर्गन धरून त्याच वेळी सुरावट वाजवतो. पियानोचा स्वर अढळ असतो, ओव्हरब्लो जरा जरी वर गेला असता तर दोन्ही एकमेकांवर घासले असते. तसं झालं नाही. म्हणजे चिरकेपणा हा ओव्हरब्लोचा स्वभाव नाही, तो ताब्यात येईपर्यंतचा टप्पा आहे.

आणि तो एकटा नाही. टोरांटोचा कार्लोस देल हुंको, फ्रान्सचा सेबास्तियाँ शार्लिए, अमेरिकेचा जेसन रिची, हे सगळे ओव्हरब्लोवालेच, पण तिघांचा आवाज ओळखू येण्याइतका निराळा. शार्लिए तर अवघड जॅझ अशा वेगाने वाजवतो की कुठला स्वर कसा काढला हे कळायलाही मार्ग नाही.

शिकागोत राहून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा जाणवते. इथला लिटल वॉल्टर (१९३०–१९६८) ओव्हरब्लो न करता, नुसत्या ओढीत आणि बेंडमध्ये, सॅक्सोफोनसारखा झुलायचा. त्याने लुई जॉर्डनच्या बँडचे सॅक्स ऐकून फ्रेज उचलल्या होत्या. ज्याला डायटॉनिकवर जॅझ वाजवायचाय त्याने आधी वॉल्टरची लय अंगात भिनवावी. स्वर नंतर येतील. लय नसेल तर बाराच्या बारा स्वर मिळूनही ते स्केलचा रियाझ वाटतात.

मडगावकार

मिशिगनकाठ यांना अनुमोदन, आणि त्यात थोडी भर.

आमच्याकडे घरोघरी सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट होते. चर्चमध्ये नोटेशन शिकायचं, मग मुंबईला जाऊन हॉटेलांत आणि स्टुडिओत वाजवायचं, ही गोव्यातल्या कितीतरी घरांची वाट. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावं हिंदी चित्रपटसंगीत ऐकणाऱ्यांना माहीत असतात. ब्राझ गोन्साल्विससारखा सॅक्सोफोनवादक तर रागाकडून जॅझकडे आणि जॅझकडून रागाकडे सहज ये-जा करायचा. या लोकांना वाजवताना बघितलं की एक गोष्ट नजरेत भरते: फ्रेज श्वासावर ठरते. श्वास संपला की वाक्य संपलं.

माउथ ऑर्गनवाल्याचं तसं नसतं. त्याला फुंकतानाही स्वर आणि ओढतानाही स्वर, त्यामुळे तो थांबतच नाही. पाच मिनिटं अखंड वाजत राहतो आणि ऐकणाऱ्याला दम लागतो. जॅझसाठी तोंडातून वाद्य बाजूला घेऊन दोन मात्रा गप्प बसण्याची सवय लावायला हवी. सॅक्सोफोनवर जे शरीर करून घेतं ते इथे वादकाने स्वतः करायचं.

शिवडीकरकाका, तुमच्या सोबतीला मी पण जॅझ यात्रेचा प्रेक्षक.

पहिली_फुंक

आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हणजे 'शोले'. तो भानू गुप्तांनी वाजवलाय ना? आणि १९५८ च्या 'सोलवा साल'मधला राहुलदेव बर्मन यांचा. तसं वाजवायचं म्हटलं तरी हे सगळं शिकावं लागेल का?

मिशिगनकाठ

होय, दोन्ही बरोबर. त्या सुरावटी आहेत, एका पट्टीत फिरणाऱ्या, त्यांना बारा स्वर लागत नाहीत. सुरावट ऐकून उतरवायची तर आहे त्या स्वरांत खूप मजा येते. जॅझमध्ये पायाखालचा कॉर्ड बदलत राहतो आणि त्याच्याशी बोलत राहावं लागतं, म्हणून हा खटाटोप.

सूरजुळणी

मी हार्मोनियम दुरुस्त करतो. माउथ ऑर्गन उघडायला लागलो तो एका गिऱ्हाइकामुळे, आणि आता तेच जास्त चालू असतं. वाद्याच्या पोटातलं थोडं सांगतो, कारण ओव्हरब्लो येत नाही म्हणून निराश झालेले बरेच जण माझ्याकडे येतात आणि दोष अनेकदा वाद्याच्या जुळणीत निघतो.

पेटीत प्रत्येक सुराला स्वतःची खाच असते, शेजाऱ्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून पेटीचा सूर वाकत नाही. माउथ ऑर्गनच्या एका छिद्रात दोन रीड समोरासमोर असतात, एक आतल्या बाजूने बसवलेली, दुसरी बाहेरून. दोघींना हवा एकच. फुंकलं की आतली रीड खाचेत दाबली जाते आणि बाहेरची खाचेपासून दूर ढकलली जाते. साध्या फुंकेत दाबली जाणारी बोलते. तोंडाची पोकळी बदलून तिला अडवलं तर दूर जाणारी बोलायला लागते, आणि ती आपल्या स्वरापेक्षा अर्धा स्वर वर बोलते. हाच ओव्हरब्लो. बेंडमध्येही हेच, खोल बेंड होता होता आवाजाचं काम समोरच्या रीडकडे जातं. पिट्सबर्गचे हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हेन्री बॅन्सन स्वतः माउथ ऑर्गन वाजवायचे. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९८ ला यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकेक रीड अडवून, कंपन मोजून त्यांनी हे दाखवलं.

आता दुरुस्ती. कारखान्यातून आलेल्या वाद्यात रीडचं टोक ती ज्या धातूच्या पट्टीवर बसवलेली असते तिच्यापासून बरंच उचललेलं असतं, म्हणजे जोरात फुंकलं तरी अडत नाही. साध्या वाजवण्याला ते बरं. ओव्हरब्लोला मात्र अंतर कमी लागतं. झाकण काढायचं, रीडखाली पातळ पितळी पट्टी सरकवायची आणि दात कोरायच्या काडीने रीड मुळापासून टोकापर्यंत हलकेच खाली दाबत न्यायची. वाकवायची मुळाशी, टोकाशी नाही. ४, ५, ६ या तीन छिद्रांतल्या दोन्ही रीड आधी करा. फार खाली गेली तर जोराच्या फुंकेला रीड गुदमरते, स्वरच निघत नाही, मग किंचित वर घ्या. दर वेळी दाबलं, वाजवून बघितलं, पुन्हा दाबलं. घाईचं काम नाही.

त्यानंतर हवेची गळती. रीडच्या दोन पट्ट्यांमधला भाग सपाट नसेल तर काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून घासून सपाट करायचा. ६ च्या ओव्हरब्लोला किंचाळल्यासारखा आवाज येतो तो रीडच्या आडव्या पिळामुळे. मुळाशी मेणाचा बारीक ठिपका दिला की जातो, काही लोक नेलपॉलिश वापरतात.

सूर उतरला असेल तर पेटीचीच रीत: टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. अमेरिकेत जो फिलिस्कोने हेच सगळं कलेच्या पातळीवर नेलं, लेवी त्याच्या हातची वाद्यं वाजवायचा. शिवडीकरसाहेब म्हणतात तो चिरकेपणा बऱ्याच अंशी न जुळवलेल्या वाद्याचा असतो.

वेणू_सातारा

मी बासरी वाजवते. बेंडबद्दल वाचून पहिला विचार आला तो मींडेचा. मग या वाद्यावर राग जास्त चांगले वाजतील ना? आणि जॅझमध्ये मींड चालते का?

कोमल_निषाद

वेणूताई, मींड उत्तम होते, पण फक्त खालच्या दिशेने आणि त्या छिद्रापुरती. ३ च्या ओढीत नि पासून कोमल ध पर्यंत अखंड उतरता येतं, परत वरही जाता येतं. पण ध वरून पुढच्या सा वर जाताना छिद्र बदलतं आणि मींड तुटते. बासरीवर बोट सरकवून तुम्ही जे करता ते इथे सगळीकडे नाही.

जॅझसाठी मात्र याच्या अगदी उलट सवय लागते. बेंडचा स्वर थेट सुरू व्हायला हवा, आधी सुटा स्वर आणि मग घसरत खाली, असं नको. तोंड आधी त्या ठेवणीत आणायचं आणि मग ओढायचं. ब्लूजमधून आलेल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण घसरणं त्यांच्या हाडात असतं.

माझा रियाझ सांगते. तानपुरा प लावून सुरू करायचा आणि ३ च्या ओढीतले चारही स्वर एकेक करून सरळ धरायचे: नि, कोमल नि, ध, कोमल ध. हलवायचे नाहीत, सजवायचे नाहीत. तानपुऱ्यात मिसळून जाईपर्यंत धरायचे. शुद्ध ध सगळ्यात अवघड, कारण तो मधे लटकलेला असतो, त्याला खालून आधार नाही. खर्ज भरायची सवय असलेल्या माणसाला हे लवकर समजतं, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांनी या वाद्याला जास्त हात घालावा असं मला मनापासून वाटतं.

शिवडीकर

सूरजुळणी यांनी दिलेली माहिती मोलाची आहे. चिरकेपणाचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण बाजूला ठेवतो, चांगलं जुळवलेलं वाद्य ऐकल्यावर बोलेन. पट्टी बदलण्याच्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर मिळालेलं नाही.

कोमल_निषाद

काका, उत्तर द्यायचं राहिलं खरं. गायिकेने काळी तीन सांगितली तर मी काळी तीनला जवळ पडणारी पोझिशन देणारा माउथ ऑर्गन उचलते. लेवी एकाच वाद्यावर बाराही पट्ट्या वाजवून दाखवतो, पण बाहेर वाजवताना तोही गाण्यागणिक माउथ ऑर्गन निवडतो. काळी तीनमध्ये मायनर गाणं असेल तर पांढरी तीनचा घेऊन थर्डमध्ये वाजवायचं, म्हणजे मी वर लिहिलेलं गणित जसंच्या तसं राहतं. सुटे स्वर तेच, झाकलेले तेच. गाण्याच्या आत पट्टी बदलली तर मात्र वाद्य बदलायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि वादकाचं म्हणणं की वाद्याचं, यावर: ट्रम्पेटवाल्यालाही काही स्वर उजळ आणि काही कोंदट मिळतात, तो त्यांचा उपयोग करतोच. इथे तो फरक मोठा आहे. क्रोमॅटिकवर तो नाही, आणि मला नेमका तोच हवा आहे.

मिशिगनकाठ

ओव्हरब्लो टाळूनही जॅझ वाजवणारे आहेत, त्यांची नोंद राहायला हवी. पी. टी. गॅझेल अर्ध्या रीडवर पातळ झडपा लावून वाजवतो. फुंकताना समोरच्या रीडची खाच झडपेने बंद होते, त्यामुळे फुंकेचे स्वरही वाकतात. ओव्हरब्लो मात्र जातो, कारण त्याला तीच खाच उघडी लागते. स्विंगमधली संथ गाणी तो इतकी मऊ वाजवतो की शिवडीकरकाकांना नक्की आवडतील. न्यूझीलंडचा ब्रेंडन पॉवर तिसऱ्या मार्गाने गेला, त्याने रीडच बदलल्या. त्याच्या पॅडी रिश्टर जुळणीत ३ च्या फुंकेत प ऐवजी ध असतो. २ च्या ओढीत प आहेच, त्यामुळे प जात नाही आणि खालच्या सप्तकातला ध सुटा मिळतो.

पहिली_फुंक

घ्यायचा कुठला? दुकानात गेलो तर चोवीस छिद्रांचा दाखवला, दोन ओळींचा.

सूरजुळणी

तो ट्रेमोलो. त्यात एकाच स्वराच्या दोन रीड किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, त्यामुळे आवाज लहरतो. प्रत्येक रीडचं घर वेगळं, म्हणून बेंड होत नाही. त्यावर शिकू नका. दहा छिद्रांचा, पांढरी एकचा मागा. प्लॅस्टिकच्या मधल्या भागाचा घ्या, आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. झाकण आणि पट्ट्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवलेल्या असतील तर उघडायला सोपं. जॅझसाठी समान अंतरांच्या जुळणीचा बरा, होनरचा गोल्डन मेलडी त्यासाठीच ओळखला जायचा. ब्लूजसाठी केलेल्या जुळणीत कॉर्ड गोड लागतात, पण दूरच्या पोझिशनला गेलं की काही स्वर खटकतात.

ओव्हरब्लोची सुरुवात ६ पासून. ८ चा फुंक बेंड आधी शिका, मग तीच तोंडाची ठेवण तशीच धरून ७ वर आणि तिथून ६ वर या.

वेणू_सातारा

कोमल_निषाद, ब्रिज एकाच वाद्यावर वाजवायचा म्हणता, पण मला अजून ओव्हरब्लो येत नाही, नुसते बेंड येतात. मग 'सो व्हॉट' सोडून द्यायचं का?

कोमल_निषाद

अजिबात नाही. ब्रिज खालच्या सप्तकात घ्या. तिथे काळी दोनच्या काफीतले स्वर जवळजवळ सगळे ओढीच्या बेंडमध्येच आहेत, फक्त काळी दोन स्वतः, म्हणजे आपला कोमल ग, ओव्हरब्लोशिवाय मिळत नाही. तो सोडून द्या. बेस वाजवणारा तो धरूनच असतो.

फ्रेज अशी: २ ओढ पूर्ण बेंड (म), २ ओढ अर्धा बेंड (तीव्र म), ३ ओढ तिसरा बेंड (कोमल ध), ३ ओढ पहिला बेंड (कोमल नि), ४ फुंक (सा), ४ ओढ बेंड (कोमल रे), ४ फुंक, आणि परत ३ ओढ पहिला बेंड. शेवट कोमल नि वर, तो काळी दोनचा पंचम, त्यामुळे कोमल ग न वाजवताही पट्टी स्पष्ट कळते. पहिले चार स्वर एका श्वासात ओढले जातात, तिथे जिभेने तोडू नका. मग मडगावकार म्हणतात तसं वाद्य बाजूला घ्या, दोन मात्रा सोडा, आणि पुन्हा तीच फ्रेज थोडी फिरवून.

आठवा मात्रागट संपत आला की ३ च्या ओढीतच राहा. पहिल्या बेंडवरून, श्वास न तोडता, दुसऱ्या बेंडवर उतरा: कोमल नि वरून शुद्ध ध. हा ध पांढरी दोनचा पंचम आहे, म्हणजे सगळा बँड अर्धा स्वर खाली येतो तेव्हा तुम्हीही त्याच छिद्रात अर्धा स्वर खाली येता. तिथून ४ ओढ सुटा रे.